परमुलखातून आलेले हाफकिन



भित्तिपत्रकातल्या थोरांच्या चरित्रासाठी या वेळी मी एक निराळे नाव निवडले आहे. हे गृहस्थ आपल्याकडचे नव्हते. त्यांचा जन्म रशियाच्या राज्यात झाला, शिक्षणही तिथेच झाले. पण मुंबईला परळ भागात एक मोठी संस्था त्यांच्या नावाने उभी आहे. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. पटकी म्हणजे कॉलरा आणि प्लेग या दोन भयंकर रोगांवर त्यांनी लस तयार केली. आपला मुलूख सोडून गेलेला माणूस परक्या लोकांचा विश्वास कसा मिळवतो, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रात सगळ्यात मोलाची वाटली. तीच मी सांगणार आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे, पण त्या काळी तिथे रशियाच्या झार बादशहाचे राज्य होते. त्यांचे कुटुंब ज्यू धर्माचे. रशियात ज्यू लोकांना फार जाच होता. १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात गेले. तिथे मेचनिकोव्ह नावाचे थोर गुरू त्यांना लाभले. १८८१ साली झारचा खून झाला आणि गावोगाव ज्यूंवर हल्ले सुरू झाले. तेव्हा तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले. त्यात ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. गुरूंनी खटपट करून त्यांना सोडवले.

पुढे अभ्यासात ते चमकले, पण मोठी जागा काही मिळेना. धर्म बदला म्हणजे जागा मिळेल, अशी अट होती. हाफकिन यांनी ती मानली नाही. शेवटी १८८८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी देश सोडला.

आधी ते स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला गेले. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेचनिकोव्ह गुरुजी आता तिथेच होते. पण तिथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. मिळाले ते ग्रंथालयातले काम! हाफकिन यांनी कमीपणा मानला नाही. पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

आपल्यातले कितीतरी जण दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. कोपीत राहायचं, अनोळखी मुलांत खेळायचं, आपली बोली ऐकून कुणी हसलं तरी गप्प बसायचं, हे त्यांना माहीत आहे. परक्या ठिकाणी माणसाला आपली लायकी पहिल्यापासून दाखवावी लागते. हाफकिन यांना ती तीन-तीन देशांत दाखवावी लागली.

त्यांनी पटकीवर लस बनवली. पण ती माणसाला टोचली तर काय होईल? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. मग त्यांच्या तीन रशियन मित्रांनी टोचून घेतली. आपले गाव सोडून आलेली ही माणसे एकमेकांच्या कामी आली, बरं का!

भारतात तेव्हा पटकीने खूप माणसे मरत. म्हणून १८९३ साली हाफकिन कलकत्त्याला आले. इथली भाषा निराळी, हवा निराळी. लोकांना वाटे, हा कोण साहेब, आणि सुईतून काय घालतो? काही इंग्रज डॉक्टरही त्यांच्याकडे संशयाने पाहत, कारण एक तर ते रशियन, आणि दुसरे म्हणजे ते वैद्यकीची परीक्षा दिलेले डॉक्टर नव्हते. हाफकिन यांनी कुणावर जोर केला नाही. त्यांनी भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतले, वस्त्यावस्त्यांत गेले आणि लोकांसमोर स्वतः सुई टोचून घेतली. मग माणसे पुढे येऊ लागली. अडीच वर्षांच्या आत ४० हजारांहून जास्त लोकांनी लस घेतली. या दगदगीत त्यांना स्वतःला हिवताप जडला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उंदीर पडू लागले, माणसांच्या काखेत-जांघेत गाठी येऊ लागल्या. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ऑक्टोबरात ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर रात्रंदिवस खपून तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा स्वतःलाच आधी टोचली, तीही मोठ्या मात्रेत. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातले जे कैदी राजीखुशीने तयार झाले त्यांना टोचली. ज्यांनी टोचून घेतली त्यांच्यात रोग पुष्कळ कमी झाला.

एक गोष्ट वाचून मला मोठी गंमत वाटली. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस लागे. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू-मुसलमान लस घेणार नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि बकऱ्याचे मांस वापरले. जंतू नीट वाढावेत म्हणून त्या रसावर आपले साधे तूप सोडले! ज्या देशात राहायचे तिथल्या लोकांचे मन ओळखायचे, ते असे.

त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. लोक चिडले आणि चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याच साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाही प्लेगने नेले. रोग एकच होता. पण जबरदस्तीने लोक दूर पळाले, आणि आधी स्वतःला टोचून घेणाऱ्याजवळ ते आपण होऊन आले.

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. सगळे ठीक चालले असताना घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केले. पुढे कळले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. तरी निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परका माणूस असला की दोष त्याच्या माथी किती लवकर बसतो, आणि धुऊन निघायला किती वर्षे लागतात, पाहा!

एवढे होऊनही हाफकिन रुसले नाहीत. ते पुन्हा भारतात आले आणि कलकत्त्याला १९१४ पर्यंत काम केले. मग युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे ते वारले. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले.

आपल्या बीड जिल्ह्याला प्लेग काही दूरचा नाही. १९९४ साली ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग आला होता. वडीलधाऱ्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. तेव्हा टेट्रासायक्लिनसारखी औषधे हाताशी होती. १८९६ साली तसले काहीच नव्हते. होता तो एक रशियन माणूस आणि त्याची सुई.

पालकांना माझी विनंती आहे, शाळेत लस टोचायला नर्सबाई येतात तेव्हा मुलांना घरी ठेवू नका. आणि मित्रांनो, आपल्या वर्गात दुसऱ्या गावाहून नवीन मुलगा किंवा मुलगी आली तर तिच्या बोलण्याला हसू नका. तिला आपल्या शेजारी बसायला जागा द्या. हाफकिन यांना जन्मगावी जागा मिळाली नाही, पण आपल्या मुंबईने दिली, आणि तिचा फायदा आपल्यालाच झाला.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे शतशः प्रणाम!