छोट्या गाडीला विंचवाचा डंख

फेब्रुवारी १९५८. मिलानजवळच्या मोंझा येथील शर्यतमार्गावर एक चिमुकली फियाट ५०० सलग सात दिवस आणि सात रात्री धावत होती. चालक बदलत होते, गाडी मात्र तीच होती. १६८ तासांनंतर ती थांबली, तेव्हा तिने ताशी सरासरी १०८ किलोमीटर वेगाने १८ हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. अवघ्या काही महिन्यांपूर्वी बाजारात आलेल्या या गाडीचे इंजिन मुळात १३ अश्वशक्तीचे. अशक्त आणि अतिसाधी म्हणून ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. तिच्यातून हा पराक्रम करवून घेणारे गृहस्थ होते कार्लो अबार्थ. सामान्य माणसाची मोटार ‘मॉडिफाय’ करण्याच्या हौसेला त्यांनी एका मोठ्या उद्योगाचे रूप दिले.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात झाला. मूळ नाव कार्ल. पाश्चात्त्य गणनेप्रमाणे सूर्यरास वृश्चिक, म्हणून पुढे विंचू हे त्यांच्या कंपनीचे चिन्ह झाले. तारुण्यात त्यांना वेड होते मोटारसायकलींच्या शर्यतींचे. १९३०मधील गंभीर अपघातानंतर ते साइडकारकडे वळले आणि तीही त्यांनी स्वतःच्या कल्पनेने घडवली. १९३४मध्ये याच वाहनावरून त्यांनी व्हिएन्ना ते ऑस्टेंड या सुमारे १३०० किलोमीटरच्या मार्गावर ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ या प्रख्यात आगगाडीशी पैज लावली आणि ती जिंकली. महायुद्धाच्या तोंडावर युगोस्लाव्हियात झालेल्या दुसऱ्या अपघाताने मात्र त्यांची मोटारसायकलवरील कारकीर्द संपवली.

युद्ध संपल्यावर ते इटलीत स्थायिक झाले आणि कार्लचे कार्लो झाले. पोर्शे कुटुंबाशी असलेल्या जुन्या परिचयातून त्यांचा तुरीन येथील ‘चिसिटालिया’ कंपनीशी संबंध आला. पिएरो दुसियो या उद्योगपतीची ही कंपनी पोर्शेच्या कार्यालयाने आखलेल्या महागड्या शर्यती मोटारीपायी कर्जात बुडाली. दुसियो अर्जेंटिनाला निघून गेले. अबार्थ यांच्या वाट्याला काही शर्यती मोटारी आणि सुटे भाग आले. या भांडवलावर आणि स्काल्यारिनी कुटुंबाच्या आर्थिक साहाय्याने ३१ मार्च १९४९ रोजी ‘अबार्थ अँड कंपनी’ स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये महान शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी यांनी सिसिलीतील घाटशर्यतीत अबार्थ यांची मोटार चालवून आपल्या गटात विजय मिळवला. नुव्होलारी यांची ती अखेरची शर्यत ठरली.

विजयाने नाव झाले, पण पगार कुठून द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर अबार्थ यांना गाडीच्या मागच्या टोकाला सापडले. नेहमीच्या सायलेन्सरमध्ये धूर आडवळणे घेत बाहेर पडतो. आवाज दबतो, पण इंजिनाचाही श्वास कोंडतो. अबार्थ यांच्या सायलेन्सरमध्ये धूर छिद्रे असलेल्या सरळ नळीतून जाई आणि भोवतीचे काचतंतूंचे वेष्टण आवाजाचा कर्कशपणा शोषून घेई. उरे तो एक खर्जातला, भरदार घुमारा. काळ्या रंगाचे नळकांडे आणि त्याची चकाकणारी क्रोमची टोके रस्त्यावर लगेच ओळखू येत.

खरे सांगायचे, तर केवळ सायलेन्सर बदलून गाडी काही फार जोरात पळू लागत नसे. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते मुख्यतः त्या आवाजासाठी. युद्धाने पोळलेल्या, नुकत्याच स्कूटरवरून चारचाकीत आलेल्या इटालियन तरुणाला शर्यतीची मोटार परवडणे शक्यच नव्हते; तिचा आवाज मात्र परवडत होता. १९६०च्या दशकाच्या आरंभी या कारखान्यातून वर्षाला दोन लाखांहून अधिक सायलेन्सर बाहेर पडत आणि त्यांतील बहुतेक निर्यात होत. शर्यतींचा डोलारा या नळकांड्यांवर उभा होता.

ज्यांना आवाजापलीकडे काही हवे होते, त्यांच्यासाठी होती लाकडी पेटी. १९५५मध्ये आलेल्या फियाट ६००चे ६३३ घनसेंटिमीटरचे इंजिन ७४७पर्यंत वाढवण्याचे साहित्य अबार्थ पेटीतून विकत. ओळखीच्या मेकॅनिककडे ती नेली, की घरची गाडी शर्यतीच्या घराण्याशी सोयरीक जोडे. १९६३च्या ‘५९५’मध्ये तर फियाट ५००च्या इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास ६७.४ मिलिमीटरवरून ७३.५ केला, कार्बोरेटर बदलला, दाब वाढवला. अश्वशक्ती १८वरून २७वर गेली आणि गाडी ताशी १२० किलोमीटर गाठू लागली. शर्यतीतल्या ‘८५० टीसी’चे मागील बाजूचे इंजिनाचे झाकण कायम उघडे टेकवलेले असे. इंजिन थंड राहावे, हा त्यामागचा हेतू. पण ते दृश्य इतके लोकप्रिय झाले, की गरज नसलेलेही आपल्या गाडीचे झाकण तसेच ठेवू लागले.

मोंझाच्या विक्रमानंतर फियाटने या माणसाची किंमत ओळखली आणि प्रत्येक विजयामागे त्यांना बक्षिसाची रक्कम देऊ केली. अबार्थ यांचा स्वतःचा हट्टही काही कमी नव्हता. १९६५मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, विक्रमासाठी बांधलेल्या अरुंद मोटारीत मावावे म्हणून त्यांनी सफरचंदांच्या आहारावर राहून सुमारे ३० किलो वजन घटवले आणि मोंझालाच स्वतः चालक होऊन प्रवेगाचे विक्रम केले.

पण याच दशकात शर्यती मोटारींचा खर्च सायलेन्सरच्या कमाईला पेलेनासा झाला. अबार्थ यांची तांत्रिक भूक मोठी होती. फियाटच्या सांगाड्यांवर समाधान न मानता ते स्वतःच्या आखणीच्या मोठ्या मोटारी बांधत गेले. अखेर १९७१मध्ये त्यांनी कंपनी फियाटला विकली. कारखान्यासोबत नाव आणि विंचूही गेला. शर्यतींसाठी खास बांधलेल्या मोटारींचे काम फियाटने थांबवले आणि अबार्थ विभागाला रॅलीच्या गाड्यांकडे वळवले. संस्थापक पुढे व्हिएन्नाला परतले. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, त्यांचे निधन झाले. तेव्हाही सूर्य वृश्चिकेतच होता.

फियाटने २००७मध्ये हे नाव नव्याने बाजारात आणले. २०१५मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून पुंतो मोटारीची १४५ अश्वशक्तीची आवृत्ती बाहेर पडली, तेव्हा तिच्या नाकावर हाच विंचू होता.