स्वतःवर हसणारी लेखिका: अगाथा ख्रिस्ती

मुलांनो, खुनाची गोष्ट वाचताना कधी हसू येतं का? अगाथा ख्रिस्ती यांची पुस्तकं वाचताना येतं!

अगाथाचा जन्म १८९० साली इंग्लंडमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ वर्षांची होईपर्यंत हिला वाचायला शिकवायचं नाही, असं आईने ठरवलं होतं. पण पाचव्या वर्षीच ती आपली आपण वाचायला शिकली!

पहिल्या महायुद्धात तिने जखमी सैनिकांची सेवा केली. मग औषधं तयार करायचं काम केलं. तिथेच तिला विषांची माहिती मिळाली. रहस्यकथा लिहिणं काही तुला जमणार नाही, असं बहीण तिला म्हणाली होती. झालं! अगाथाने लिहायला घेतलंच. तेव्हा टॉर्कीत बेल्जियमहून आलेले निर्वासित राहत होते. म्हणून तिचा गुप्तहेरही बेल्जियमचा झाला: मोठ्या मिशांचा हर्क्यूल पॉयरो. बऱ्याच प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं. शेवटी १९२० साली ते छापून आलं.

१९२६ साल मात्र फार वाईट गेलं. आई वारली. नवऱ्याने घटस्फोट मागितला. डिसेंबरमध्ये अगाथाबाई अचानक नाहीशा झाल्या. पोलीस, वर्तमानपत्रं, सगळेच त्यांना शोधत होते. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. तिथे त्या दुसऱ्याच नावाने राहत होत्या! या दिवसांबद्दल त्यांनी आत्मचरित्रातही काही लिहिलं नाही.

दुःख त्यांनी झाकून ठेवलं, पण स्वतःची थट्टा मात्र मोकळेपणाने केली. त्यांच्या काही कादंबऱ्यांत एरियाडनी ऑलिव्हर नावाची बाई आहे. तीही रहस्यकथा लिहिते. तिला सफरचंदं फार आवडतात. तिचे केस सारखे विस्कटलेले असतात. तिचा गुप्तहेर फिनलंडचा आहे, पण तिला फिनलंडची काहीच माहिती नाही! आता तो तिला नकोसा झालाय, पण वाचकांना तोच हवा असतो. अगाथाबाईंनाही पॉयरोचा असाच कंटाळा आला होता. १९४२ सालच्या एका कादंबरीत तर एक मुलगा सांगतो, की त्याच्याकडे अगाथा ख्रिस्तीची सही आहे! आपण खुनी शोधत असतो आणि मध्येच लेखिका पानाआडून डोकावून हसते. भीती पळते, पण कोडं काही सुटत नाही. मजा आहे ती यातच.

१९७५ साली पॉयरोची शेवटची कादंबरी आली. त्यात तो मरतो. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी चक्क पहिल्या पानावर छापली. कधी जन्मालाच न आलेल्या माणसाची! पुढच्याच जानेवारीत अगाथाबाई गेल्या. तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या.

शब्दार्थ
निर्वासित – आपला देश सोडावा लागलेले लोक
गुप्तहेर – गुन्ह्याचा शोध लावणारा
थट्टा – गंमत, मस्करी

विचार करा आणि सांगा
१. एरियाडनी आणि अगाथाबाई यांच्यात काय सारखं आहे?
२. तुम्ही स्वतःलाच गोष्टीत घातलंत, तर तुमच्या कोणत्या सवयीवर हसाल?