ख्रिस्तभक्त कवी टिळक

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या लहानशा खेड्यात ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. वडील कडक शिस्तीचे. आई जानकीबाई मात्र मायाळू व भाविक. ती लवकरच निवर्तली आणि घरातला जिव्हाळाच नाहीसा झाला. मातृसुखाला पारखा झालेला हा मुलगा नाशिकास राहिला व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे सुमारे १८८० साली त्यांचा लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. परंतु संसार मांडूनही त्यांचे चित्त कोठे स्थिरावेना. आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या, अशी त्यांची भ्रमंती चालू राही.

या अस्वस्थतेचे मूळ पोटापाण्याच्या विवंचनेत नव्हते. आपल्या देशाची उन्नती व्हावी, ही तळमळ त्यांना लागली होती. माणसामाणसांत भिंती उभ्या करणारा जातिभेद त्यांना खुपत असे. सर्वांना एका प्रेमसूत्रात गोवील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. नागपुरास असताना अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले, पुष्कळ ग्रंथ चाळले. तरी मनाचे समाधान झाले नाही.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. संस्कृत काव्यावरून गोष्टी निघाल्या, त्या धर्मापर्यंत पोचल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली. येशू ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन वाचताना ते तेथेच थबकले. शत्रूवरही प्रेम करण्याची ती शिकवण त्यांच्या अंतःकरणाला भिडली. इतकी वर्षे जे शोधत होतो ते हेच, असे त्यांना वाटले. पुढे वाचन, मनन आणि प्रार्थना यांत दोन वर्षे गेली व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहू लागल्या आणि काही वर्षे ही ताटातूट टिकली. टिळकांचा पत्नीवर फार जीव. तरीही स्वधर्म सोडण्याचा आग्रह त्यांनी तिला केला नाही. पुढे दोघे पुन्हा एकत्र आली, तेव्हाही लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे कायमच होते. परंतु राहुरीस असताना एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करू लागल्या. माणसे देवाने निर्माण केली, पण जाती कोणी निर्माण केल्या? त्या शांत चिंतनातून त्यांच्या मनातील गाठ सुटली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे वास्तव्य आता अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, होते. तेथे ते अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या कामात रमले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मात्र एक गोष्ट त्यांना सलत होती. देवळात म्हटली जाणारी बरीचशी गीते इंग्रजीवरून उतरविलेली असत व त्यांच्या चालीही परक्या असत. शब्द ओठांवर येत, पण ऊर भरून येत नसे. जात्यावरची ओवी आणि वारीतला अभंग ऐकत वाढलेल्या माणसाने परक्या सुरात देवाला कशी हाक मारावी? टिळकांनी ओवी, अभंग व पदे रचण्यास आरंभ केला. दोनशेहून अधिक ख्रिस्ती गीते त्यांच्या लेखणीतून उतरली. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा त्यांच्या आधीपासून होती. त्यांनी ती अधिक रसाळ केली. टाळमृदंगाच्या साथीवर उपासना होऊ लागली, तेव्हा साध्यासुध्या खेडुतांनाही ती आपलीशी वाटली. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी टिळकांची भावना होती. संतांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही.

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन करीत. फुलांवर व मुलांवर त्यांनी लिहिलेल्या कविता सर्वत्र आवडीने वाचल्या जात. तरुण बालकवींना त्यांच्या घरी पुत्रवत प्रेम लाभले. असा मानमरातब लाभला असतानाही टिळकांचे मन अधिकाधिक अंतर्मुख होत गेले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले. त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सर्वच ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता.

तो हेतू पुरता सफल होण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरेच राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेने एके काळी त्या दोघांची ताटातूट केली होती, तिचेच काव्य पतीने आरंभिले आणि पत्नीने शेवटास नेले. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत टिळकांची भजने आजही भक्तिभावाने गायिली जातात.