परिचारिकांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या रमाबाई

गेल्या पावसाळ्यात आजीच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. बुलढाणा जिल्ह्यातील एका दवाखान्यात आम्ही पाळीपाळीने बसत होतो. पहिले दोन दिवस कोणी धड काही सांगेना. तिसऱ्या दिवशी एक परिचारिका खाटेशी बसली, आजीला तिचे गाव विचारले, आणि कूस कशी बदलायची, पाय कसा उचलायचा, हे आईच्या हाताला धरून शिकवले. आजी त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवली. हीच आजी, धाकट्या बहिणीने परिचर्येच्या शिक्षणाचा अर्ज आणला तेव्हा चार दिवस अबोला धरून बसली होती!

त्याच सुमारास महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी रमाबाई रानडे यांचे चरित्र वाचले. २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतले, पण त्यापायी घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसले. पुढे त्यांच्या कामी पतीच्या शिकवणीइतकेच हे सोसणेही आले असावे, असे मला वाटते.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. १९०९ साली रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यास सेवासदन सुरू केले, तेही आपल्या राहत्या वाड्यात. तेथून स्त्रिया परिचर्या शिकण्यास ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. आज हे वाक्य सहज लिहिता येते; त्या काळी परक्या माणसाचे अंग पुसणे, रात्रपाळी करणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवणे, हे घरंदाज बाईचे काम नव्हेच अशी समजूत होती. रुग्णालयांतील परिचारिका पुष्कळदा युरोपीय असत. घुंगटातून, पदराआडून बोलणाऱ्या आपल्याकडच्या बाईने आपले दुखणे त्यांना कोणत्या भाषेत सांगावे? रोग्याची भाषा आणि घरची रीत जाणणारी बाई खाटेशी हवी, तर ती घरांतूनच यायला हवी. रमाबाई तरुण मुलींना आणि विधवांना या शिक्षणाकडे वळवीत राहिल्या. पहिली विद्यार्थिनी एक विधवाच होती.

शिकायला पाठवून त्या घरी बसल्या नाहीत. रुग्णालयांत स्वतः जात, रोग्यांना फळे, फुले आणि पुस्तकेही देत. (आजाऱ्याला पुस्तक द्यावे, हे आम्हांला कधी सुचले नव्हते.) उतारवयातही आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या आळंदीच्या यात्रेतील बायकांच्या सेवेला जात. १९२४ साली त्या गेल्या.

आजी घरी आल्यावर एका दुपारी मी तिला हे सारे सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र फडताळातला अर्ज तिने काढला आणि त्यावर फोटो लावायचा राहिला आहे का, एवढेच बहिणीला विचारले.