अकरा हजार ओव्या कुणी जपल्या? : फादर थॉमस स्टीफन्स



दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनी, कुठे ना कुठे फादर स्टीफन्स यांचे नाव निघते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या दोन-चार ओव्या म्हटल्या जातात, टाळ्या होतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारे ११ हजार ओव्या आहेत. त्या आपल्या हाती आल्या हाच एक चमत्कार आहे, कारण ग्रंथाच्या तीन छापील आवृत्त्या निघूनही त्यांची एकसुद्धा प्रत आज उपलब्ध नाही. म्हणून या रविवारी फादरांच्या चरित्रासोबत त्यांच्या कागदांचेही चरित्र सांगावे, असे आम्ही ठरवले.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडात कॅथोलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड नावाच्या मित्रासोबत रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा, असा त्यांचा बेत होता. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ ३० वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. पुढची ४० वर्षे, १६१९ साली देवाघरी जाईपर्यंत, ते इथेच राहिले. मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही.

गोव्यात उतरल्यावर त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. वारे, मासे, खलाशांचे आजार, सगळे त्यात होते. हे पत्र इंग्लंडात लवकरच छापले गेले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे नशीब निराळे. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, हे फादरांनी त्यात नोंदवले होते. ते पत्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशित राहिले. त्यामुळे १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी असाच विचार मांडला तेव्हा त्याचे श्रेय त्यांना मिळाले. जोन्स मोठे विद्वान होते, त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही. परंतु कागद पेटीतून बाहेर न आल्याने काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस माहीत नाही.

फादरांचे बहुतेक आयुष्य साष्टीत, म्हणजे मडगाव-रायतूरच्या परिसरात गेले. तो काळ शांततेचा नव्हता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय मारले गेले. पोर्तुगीजांनी त्याचा कठोर सूड घेतला. त्याआधीपासूनच गोव्यात देवळे पाडली जात होती, हिंदूंचे धर्मग्रंथ जप्त करून नष्ट केले जात होते. हे आपल्या इतिहासाचे पान आहे आणि ते वगळून फादरांचे चरित्र सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्यांची पुराणे हिरावली गेली, त्यांतलेच अनेक जण नवख्रिस्ती झाले होते. त्यांना पुराण ऐकण्याची सवय होती आणि आता ऐकायला काही नव्हते. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून नेमकी हीच अडचण मांडतो, अशी योजना आहे.

फादरांनी त्याचे उत्तर लॅटिन प्रवचनाने दिले नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी त्यांनी आपलीशी केली आणि तिच्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा गुंफली. 'पहिले पुराण' ३६ अध्यायांचे, 'दुसरे पुराण' ५९ अध्यायांचे. भाषा मराठी, पण लोकांना सोपे जावे म्हणून तिच्यात कोंकणी शब्दांची पेरणी. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. रोममध्ये शिकलेल्या माणसाला शब्दांचे वजन कळत नव्हते असे नाही. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत या शब्दयोजनेवर वाद झडत. आमचे मत असे की, फादरांनी वैकुंठ हा शब्द उसना घेतला नाही, ते त्या शब्दात राहायला गेले. एकनाथ महाराज १५९९ पर्यंत पैठणला हयात होते, म्हणजे आपले फादर त्यांचे समकालीन ठरतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ग्रंथ देवनागरीत छापावा अशी त्यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला संघप्रमुखांकडे स्थानिक लिपीच्या छपाईविषयी लिहिले. खिळे काही मिळाले नाहीत. शेवटी १६१६ साली ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. फादरांच्या मृत्यूनंतर १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यांची कोंकणी 'दौत्रिना' १६२२ साली आणि कोंकणीचे व्याकरण १६४० साली, दोन्ही मरणोत्तर, रायतूरला छापली गेली. ही दोन पुस्तके मात्र टिकली. 'दौत्रिने'ची प्रत युरोपातील ग्रंथालयात सांभाळली गेली आणि १९४५ साली मारियानो साल्दान्य यांनी ती लिस्बनला पुन्हा छापून आणली.

मग पुराणाच्या प्रती गेल्या कुठे? १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. अशा हवेत मराठी ग्रंथ कोण जपणार? बाकीचे काम कोकणच्या पावसाने आणि वाळवीने केले. शिवाय जे पुस्तक रोज हाताळले जाते ते झिजतेच.

ग्रंथ वाचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी अशा वह्या घरात ठेवल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तिथल्या कॅथोलिकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ नंतर जे परतले त्यांच्यापैकी अनेकांचे घरदार उरले नव्हते. तरीही काही वह्या त्या भागात टिकल्या. त्या जमवून, ताडून पाहून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. दुसरीकडे, विल्यम मार्सडन या संग्राहकाकडे एक देवनागरी हस्तलिखित होते. त्यांचा संग्रह लंडनच्या ग्रंथालयात गेला, आणि १९२०च्या दशकात मराठीचे अभ्यासक, अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांच्या नजरेस ते पडले तोवर त्याची कुणी दखल घेतली नव्हती. फादरांनी मूळ लेखन देवनागरीतच केले होते की ही नंतरची नक्कल, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही.

आता आपल्या पुण्याचा वाटा. देवनागरीत छापलेले 'ख्रिस्तपुराण' मराठी वाचकाच्या हाती आले ते १९५६ साली, आपल्याच शहरातून. शांताराम बंडेलू यांनी ते संपादित केले आणि प्रसाद प्रकाशनाने छापले. फादरांनी मागितलेले देवनागरी खिळे त्यांना सुमारे साडेतीनशे वर्षांनी सदाशिव-शनिवार पेठांच्या या गावात मिळाले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९९६ साली कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून निघाली. फादर नेल्सन फलकाव यांनी मार्सडन हस्तलिखिताच्या आधारे २००९ साली नवी आवृत्ती दिली. गोव्यात पर्वरीला येशूसंघीयांनी फादरांच्याच नावाने कोंकणी केंद्र उभारले.

थोडे विषयांतर करतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले, आणि त्यांतूनच मुंबईच्या जॅझ बँडचे वादक घडले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारे 'चिक चॉकलेट', १९६७ साली वारले. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला'त त्यांच्या वादनाचा रंग आहे. चित्रपट टिकला, ध्वनिमुद्रिका टिकल्या. पण अशा वादकांनी हाताने लिहिलेले स्वरलिपीचे असंख्य कागद रद्दीत गेले. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली या वादकांवर पुस्तक लिहिले, ते घरोघरच्या आठवणी, फोटो आणि कात्रणे गोळा करून. फादरांच्या ओव्यांची गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची म्हणून दूरची वाटते. ही तर आपल्या आजोबांची.

पुण्यातही १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात किती घरांतले ग्रंथ आणि वह्या वाहून गेल्या, हे ज्येष्ठांना सांगायला नको.

तेव्हा एक विनंती. आपल्या घरी हाताने लिहिलेली गीतांची वही, जुनी प्रार्थनापुस्तके, व्हायोलिन किंवा ऑर्गनच्या स्वरलिपीचे कागद, चर्चमधील नाटकांच्या संहिता असतील तर येत्या दोन रविवारी घेऊन याव्यात. आम्ही पानापानांचे फोटो काढून मूळ प्रत लगेच परत करू. ज्यांना ती ग्रंथालयाला द्यायची इच्छा असेल त्यांच्याशी स्वतंत्र बोलू. कृपया फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. वही जशी आहे तशीच, कोऱ्या सुती कापडात गुंडाळून आणावी. कोणी लिहिली, कुठल्या गावी, साधारण कोणत्या साली, एवढे एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चचे कार्यालय दुपारी एकपर्यंत उघडे राहील.