विश्लेषण : ‘झेरॉक्स’चे जनक चेस्टर कार्लसन कोण होते? खरबरीत कागदावर टोनर आजही नीट का बसत नाही?

हातकागदावर किंवा उठावदार पोताच्या जाड कागदावर लेझर प्रिंटरने पत्रिका, प्रमाणपत्र छापले की अक्षरे मध्येच फिकी पडतात, ठिकठिकाणी पांढरे ठिपके राहतात. प्रिंटर बिघडला किंवा टोनर संपत आला, असे वाटते. प्रत्यक्षात अडचण बहुतेकदा टोनरची भुकटी ड्रमवरून कागदावर उतरण्याच्या टप्प्यात असते. हे तंत्र ज्यांच्या डोक्यातून निघाले, त्या चेस्टर कार्लसन यांचे आयुष्य पाहिले की हा टप्पा किती नाजूक आहे, हे कळते.

कार्लसन यांचे बालपण कसे गेले?

चेस्टर कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. वडील न्हावीकाम करत. पण क्षयरोग आणि संधिवाताने ते अंथरुणाला खिळले. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे वाढलेल्या चेस्टर यांना आठव्या वर्षापासून पैसे मिळवण्यासाठी कामे करावी लागली. ते १७ वर्षांचे असताना आईही क्षयरोगाने गेली. शाळेच्या दिवसांत त्यांनी एका छापखान्यात काम केले. तेथून जुने छपाई यंत्र मिळवून विज्ञानाची आवड असणाऱ्या मुलांसाठी छोटे मासिकही काढून पाहिले. खिळे जुळवण्याचे कष्ट त्यांना तेव्हाच कळले.

नकला काढण्याचे तंत्र त्यांना का सुचले?

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९३० मध्ये ते भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, तेव्हा महामंदी सुरू होती. ८२ कंपन्यांना अर्ज करूनही नोकरी मिळेना. अखेर न्यू यॉर्कमध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये काम मिळाले, पण १९३३ मध्ये तेही गेले. पुढे पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट विभागात ते लागले. पेटंटच्या कागदांच्या प्रती तेव्हा पुन्हा टंकलिखित कराव्या लागत किंवा महागडी छायाचित्रे काढून घ्यावी लागत. कार्लसन यांना स्वतःलाही संधिवात होता, दृष्टी अधू होती. रात्री कायद्याचे शिक्षण घेताना पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने ते ग्रंथालयात बसून हाताने उतारे काढत. बटण दाबताच प्रत देणारे यंत्र हवे, ही त्यांची रोजची गरज होती.

छायाचित्रणाच्या रासायनिक पद्धतीवर मोठ्या कंपन्या काम करत होत्याच. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. काही पदार्थ अंधारात विद्युतभार धरून ठेवतात आणि प्रकाश पडताच तो सोडतात. या गुणधर्माचा उपयोग करायचे त्यांनी ठरवले. प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात चालत. गंधकाच्या वासाने आणि आगीने शेजारीपाजारीही हैराण होत.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी काय घडले?

ऑस्ट्रियातून आलेले भौतिकशास्त्रज्ञ ओटो कोर्नेई यांना मदतीला घेऊन कार्लसन यांनी न्यू यॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात भाड्याची खोली घेतली. त्या दिवशी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर देण्यात आला. कापड घासून त्यावर विद्युतभार निर्माण केला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि ठिकाण लिहून ती पत्र्यावर ठेवली व वरून प्रखर दिवा लावला. प्रकाश लागला तेथील भार निघून गेला, अक्षरांखालचा राहिला. वर लायकोपोडियमची भुकटी टाकून फुंकर मारताच अक्षरे उमटली. मग मेणकागद त्यावर दाबून भुकटी उचलली आणि उष्णता देऊन पक्की केली. जगातील ही पहिली कोरडी प्रत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भुकटी कागदावर आली ती मेणाच्या चिकटपणामुळे. साध्या कोरड्या कागदावर ती कशी उतरवायची, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता.

उत्तर कोणी शोधले?

१९४२ मध्ये पेटंट मिळाले, पण १९३९ ते १९४४ या काळात २० हून अधिक कंपन्यांनी कार्लसन यांना परत पाठवले. बोटाएवढ्या पुसट नमुन्यात त्यांना धंदा दिसेना. १९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटने काम हाती घेतले. रोलंड शॅफर्ट यांच्या चमूने गंधकाच्या जागी सेलेनियम आणले, पत्रा भारित करण्यासाठी उच्च व्होल्टेजची तार वापरली आणि भुकटी कागदावर ओढून घेण्याचे कामही विजेकडे सोपवले. कागदाच्या मागच्या बाजूला भुकटीच्या विरुद्ध भार दिला की भुकटी कागदाकडे झेपावते. आजही तत्त्व हेच आहे.

हॅलॉइड या लहान कंपनीने परवाना घेतला आणि १६ सप्टेंबर १९५९ रोजी झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आणले. मिनिटाला सात प्रती, तीही साध्या कागदावर. पहिल्या प्रतीपासून येथवर २१ वर्षे गेली होती. पुढे कंपनीचे नावच झेरॉक्स झाले आणि आपल्याकडे ‘झेरॉक्स काढणे’ हे क्रियापद.

खरबरीत कागदाची अडचण काय?

१९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यू यॉर्कमधील एका चित्रपटगृहात कार्लसन यांचे निधन झाले. लेझर प्रिंटर त्यांनी पाहिला नाही. तो पुढच्या काही वर्षांत झेरॉक्समधील गॅरी स्टार्कवेदर यांनी साकारला. मात्र त्यातही भुकटीची तीच झेप आहे.

टोनरचा कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा असतो. गुळगुळीत कागद ड्रमला किंवा पट्ट्याला पूर्ण टेकतो. पोत असलेल्या कागदाचे फक्त उंचवटे टेकतात. खळगे कणाच्या कित्येक पट खोल असू शकतात. मधल्या हवेच्या पोकळीत विद्युत ओढ कमी पडते आणि टोनर ड्रमवरच राहतो. व्होल्टेज वाटेल तितके वाढवूनही चालत नाही. पोकळीत सूक्ष्म ठिणग्या पडून कणांचा भार बदलतो व पांढरे ठिपके वाढतात. शिवाय टोनर वितळवणाऱ्या फ्यूजरचा दाब खळग्यांपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून अक्षरे नखाने निघतात.

मग उपाय काय?

प्रिंट सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘साधा’ न ठेवता खरबरीत किंवा जाड असा निवडावा. त्यानुसार प्रिंटर व्होल्टेज, वेग आणि उष्णता बदलतो. कागदाची कमी खरबरीत बाजू छपाईसाठी घ्यावी. पावसाळ्यात कागद बंद पाकिटातच ठेवावा. दमट कागदातून भार निसटतो. गडद, भरीव रंगपट्टे टाळून रेषा आणि अक्षरांवर भर द्यावा. फुलांच्या पाकळ्या, सुटे धागे किंवा चमकी असलेला हातकागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नये, फ्यूजर खराब होतो. मोठ्या छपाई यंत्रांत आता लवचिक पट्टा खळग्यांत दाबला जातो किंवा डीसी व्होल्टेजला एसीची जोड देऊन कण हलवून सैल केले जातात.

संपत्तीचे काय झाले?

९१४ ने कार्लसन यांना अतिश्रीमंत केले. पण त्यांची राहणी साधीच राहिली आणि सुमारे १० कोटी डॉलर त्यांनी हयातीतच, बहुतेक नाव न सांगता, दान केले.