गिरणीत माणसे टिकविणारा उद्योगपती

नागपूरच्या जुम्मा तलावाकाठच्या दलदलीत कापडगिरणी उभारण्याचा बेत जमशेटजी टाटा यांनी आखला, तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. तेथील एका सावकाराने तर या कामाला भांडवल देणे म्हणजे सोने मातीत पुरणे होय, असे सांगून कर्ज नाकारले. पुढे याच गिरणीने हिंदी उद्योगात कामगार कल्याणाचा पाया घातला.

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे जन्मलेल्या जमशेटजींचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. वडिलांच्या व्यापारात उमेदवारी केल्यानंतर १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळी येथील बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची त्यांनी कापडगिरणी केली आणि ती नफ्यात विकली. त्यानंतर लँकेशायरचा कापड उद्योग प्रत्यक्ष पाहून ते परतले. कापूस पिकतो तेथेच गिरणी काढावी, या विचाराने त्यांनी मुंबईऐवजी नागपूरची निवड केली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, 'एम्प्रेस मिल' सुरू झाली.

यंत्रे आली, पण माणसे टिकेनात. घड्याळाच्या काट्यावर काम करण्याची सवय नसलेल्या त्या परिसरात रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे. घरात सण-समारंभ असला किंवा हाती चार पैसे आले की कामगार गिरणीकडे फिरकत नसत. दंड करावा, मजुरी कापावी, हा त्या काळचा सर्रास उपाय होता. मात्र शिक्षेने माणूस आणखी दुरावेल, हे जमशेटजींनी ओळखले. त्यांनी नियमित हजेरी लावणाऱ्यांसाठी बक्षिसे ठेवली. रोख रकमा व घड्याळे समारंभपूर्वक दिली जाऊ लागली. गिरणीत हवा खेळती राहावी, उष्मा कमी व्हावा आणि आगीपासून संरक्षण मिळावे यासाठी यंत्रणा बसविण्यात आली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, तर १८९५ पासून अपघातात जखमी होणाऱ्यांना भरपाई मिळू लागली.

या निर्णयांचे मोल तेव्हाच्या कायद्याकडे पाहिल्यावर कळते. १८८१ चा कारखाना कायदा प्रामुख्याने बालकामगारांपुरता होता. प्रौढ कामगाराच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादा नव्हती. निवृत्तिवेतनाची वा भरपाईची सक्ती कोणत्याही मालकावर नव्हती.

कारभारासाठी माणसे निवडतानाही त्यांनी रूढ वाट सोडली. रेल्वेतून आलेल्या बेझनजी मेहता यांना कापड उद्योगाचा अनुभव नव्हता, तरीही व्यवस्थापनाची धुरा त्यांच्याकडे सोपविली. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी यांनी सांभाळली. लँकेशायरचे कारखानदार साशंक असताना नव्या रिंग पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग याच गिरणीत झाला. पदवीधर तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीचे सर्व विभाग शिकविले जात. १८८६ मध्ये कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल साडेबारा लाखांना विकत घेतल्यावर तिची घडी बसविण्यासाठी नागपूरचीच अनुभवी माणसे कामी आली. हीच पुढे 'स्वदेशी मिल' झाली.

तथापि, हे सारे मालकाच्या मर्जीवर अवलंबून होते. टाटांच्या गिरणीत जे मिळे, ते शेजारच्या गिरणीतील कामगाराला मागण्याचा हक्क नव्हता. त्या हक्कासाठी मोठा काळ जावा लागला. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. त्यांच्या स्वप्नातील पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यांत दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा बंधनकारक केली. अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये, तर भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये झाला.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. चात्या थांबल्या. मात्र तेथे एका मालकाने स्वखुशीने दिलेल्या सवलती आज देशभरातील कामगारांचे कायदेशीर हक्क आहेत.